ताट वाढले, पण पंगत वेगळीच

पदवीच्या वर्गाला मी आधुनिक जगाचा इतिहास शिकवतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेचा भाग आला, की राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या ‘फेअर डील’ला पुस्तकात अर्धे पान मिळते. किमान वेतन वाढले, घरबांधणीचा कायदा झाला, आरोग्यविमा बारगळला, नागरी हक्कांची विधेयके काँग्रेसने अडवली. एवढे सांगून पुस्तक निष्कर्ष काढते, की ही योजना अंशतः यशस्वी झाली. परीक्षेत त्यावर पाच गुणांची टीप येते. काही वर्षे मीही हे असेच शिकवले आणि मुलांनी तसेच लिहिले.

आता मात्र या ‘अंशतः’ शब्दापाशी मी अडतो. कोणता अंश यशस्वी झाला आणि कोणता फसला? जो यशस्वी झाला तो कोणाच्या वाट्याला आला? आणि जो फसला त्याची किंमत कोणी मोजली? हे प्रश्न विचारले की पाच गुणांची टीप पुरत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : ‘फेअर डील’मध्ये आर्थिक सुधारणा आणि सामाजिक समता अशी दोन गाठोडी वेगवेगळी बांधली गेली. पहिले गाठोडे पार नेता यावे म्हणून दुसरे वाटेत खाली ठेवले गेले. काळ्या माणसाचे सारे आयुष्य त्या दुसऱ्या गाठोड्यात होते. म्हणून पहिल्यातलेही त्याला अर्धेमुर्धेच मिळाले.

१

योजना लहान नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानच्या शरणागतीवर सह्या झाल्या आणि चारच दिवसांनी, ६ सप्टेंबरला, ट्रूमन यांनी काँग्रेसपुढे एकवीस कलमी कार्यक्रम ठेवला. सर्वांना रोजगार, वाढीव किमान वेतन, बेकारभत्ता, घरबांधणी आणि नोकरीतील वर्णभेद रोखणारी कायमस्वरूपी समिती असा त्याचा विस्तार होता. नोव्हेंबरात त्यांनी राष्ट्रीय आरोग्यविम्याची मागणी केली. १९४८ ची निवडणूक सर्वांचे अंदाज खोटे पाडून जिंकल्यावर ५ जानेवारी १९४९ च्या भाषणात या साऱ्याला ‘फेअर डील’ हे नाव मिळाले.

‘डील’ हा शब्द पत्त्यांच्या खेळातला. रूझवेल्ट यांची ‘न्यू डील’ म्हणजे नवा डाव. पत्ते पुन्हा पिसून वाटलेले. ट्रूमन यांची ‘फेअर डील’ म्हणजे रास्त डाव. पाने सगळ्यांना नीट वाटलेली. कल्पना चांगली आहे. पण पाने वाटण्याआधीच एक गोष्ट ठरलेली असते : डावाला बसलेले कोण? ज्याला चटईवर जागाच नाही, त्याला पाने रास्त वाटली काय आणि न वाटली काय!

चटईवर कोण बसले होते ते पाहू. ट्रूमन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचा एक मोठा खांब म्हणजे दक्षिणेतील गोरे प्रतिनिधी. तिथे काळ्यांना मतदानापासून दूर ठेवण्यासाठी मतपट्टी होती, साक्षरतेच्या परीक्षा होत्या आणि या दोन्ही अपुऱ्या पडल्या तर दहशत होती. विरोधी पक्षही तिथे नावापुरताच होता. त्यामुळे एकदा निवडून आलेला गोरा प्रतिनिधी वर्षानुवर्षे निवडून येई. काँग्रेसमधील समित्यांचे अध्यक्षपद ज्येष्ठतेने मिळत असे, म्हणून डेमोक्रॅट बहुमतात असले की महत्त्वाच्या समित्यांच्या किल्ल्या याच लोकांच्या कमरेला असत. विचार करा : काळ्याचे मत काढून घ्यायचे, त्या मतहीनतेवर ज्येष्ठता कमवायची आणि त्या ज्येष्ठतेच्या बळावर काळ्यांच्या हिताचे विधेयक अडवायचे. हे चक्र एकदा समजले, की ‘काँग्रेसने विरोध केला’ या पाठ्यपुस्तकी वाक्यातला निरागसपणा गळून पडतो.

नोकरीतील भेदभाव रोखणाऱ्या समितीचे काय झाले ते याच चक्राचे उदाहरण आहे. युद्धकाळात, १९४१ मध्ये, अशी तात्पुरती समिती नेमली गेली होती. तीही रेल्वेतील काळ्या पोर्टरांचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला म्हणून. ती कायमची करण्याचे विधेयक १९४६ मध्ये सिनेटमध्ये अखंड भाषणे करून बुडवण्यात आले. १९५० मध्ये ते पुन्हा आले. चर्चा थांबवून मतदान घ्यायला ९६ पैकी ६४ सिनेटरांची मते हवी होती. मे महिन्यात ५२ मिळाली, जुलैत ५५. दोन्ही वेळा बहुमत बाजूने होते. तरीही विधेयक मेले.

२

आता जो भाग ‘यशस्वी’ म्हणून सांगितला जातो त्याकडे येऊ. १९४९ च्या दुरुस्तीने किमान वेतन तासाला ४० सेंटवरून ७५ सेंटवर गेले आणि २५ जानेवारी १९५० पासून ते लागू झाले. जवळपास दुप्पट वाढ! पण १९३८ च्या मूळ कायद्यातच शेतमजूर वगळले होते आणि घरकाम करणाऱ्या बायांपर्यंत तो पोचतच नव्हता. १९४९ मध्येही ते तसेच राहिले. शेतमजुरांना हा कायदा १९६६ च्या दुरुस्तीने थोडाफार लागू झाला, घरकामगारांना १९७४ मध्ये.

हे अपवाद कागदावर वर्णाचे नव्हते, कामाचे होते. वगळलेल्यांत गोरे मजूरही होते. आकड्याने तर तेच जास्त होते. परंतु काळ्या कष्टकऱ्यांचा फार मोठा वाटा याच दोन कामांत होता. पुरुष दुसऱ्याच्या शेतात, बाई दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात. कायद्याने वर्णाचे नावही घेतले नाही आणि काम मात्र झाले. आपल्याला याची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. जातीचे नाव न घेता जात नेमकी गाठणारे नियम आपण पाहिले आहेत.

माझी आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जात असे. रोज किती मिळेल हे शेतमालकाच्या तोंडी असे. संध्याकाळी त्याने जे हातावर ठेवले तो रोज. अपवादांची ती यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला अमेरिका दिसली नाही. बांधावर बसून पदराला घाम पुसणारी आई दिसली. जगातल्या एका श्रीमंत देशाने श्रमाची किंमत कायद्याने ठरवली आणि आईच्या श्रमाला त्या कायद्यात श्रमच म्हटले नव्हते.

सामाजिक सुरक्षेच्या बाबतीत ट्रूमन यांच्या पदरात श्रेय टाकले पाहिजे. १९३५ च्या कायद्यानेही शेतमजूर आणि घरकामगार बाहेर ठेवले होते. ऑगस्ट १९५० च्या दुरुस्तीने सुमारे एक कोटी माणसे नव्याने आत आली आणि म्हातारपणाचे वेतन सरासरी सुमारे ७७ टक्क्यांनी वाढले. नव्यांत नियमित काम असणारे शेतमजूर आणि घरकामगारही होते. पण ‘नियमित’ हा शब्द लक्षात ठेवा. आज या मळ्यात, उद्या त्या मळ्यात हात विकणारा मजूर त्या शब्दाच्या दारातच उभा राहिला.

आरोग्याची कथा अधिक उघडी आहे. राष्ट्रीय आरोग्यविमा डॉक्टरांच्या संघटनेने पैसा ओतून, ‘समाजवादी वैद्यक’ अशी भीती घालून हाणून पाडला. मंजूर झाला तो १९४६ चा रुग्णालय-बांधणीचा हिल-बर्टन कायदा. त्यातले एक नाव अलाबामाचे सिनेटर लिस्टर हिल यांचे. त्या कायद्यात ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाला जागा होती. म्हणजे सरकारी अनुदानाने काळ्यांसाठी निराळे रुग्णालय, निराळा वॉर्ड उभारता येई. न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले ते १९६३ मध्ये. तोवर सतरा वर्षे काळ्यांनीही भरलेल्या करातून त्यांनाच वेगळे काढणाऱ्या भिंती उठत राहिल्या.

३

या साऱ्याचा कळस १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यात झाला. सहा वर्षांत सरकारी खर्चाने ८,१०,००० घरे बांधायची आणि झोपडपट्ट्या साफ करायच्या, असे त्याचे स्वरूप होते. विधेयक सिनेटमध्ये असताना ब्रिकर आणि केन या दोन रिपब्लिकन सिनेटरांनी दुरुस्ती आणली : या घरांत वर्णभेद चालणार नाही. वरवर पाहता ही दुरुस्ती कोणीही समतावाद्याने उचलून धरावी. पण दोघेही सरकारी घरबांधणीचे विरोधक होते. दुरुस्ती आत गेली की दक्षिणेतले डेमोक्रॅट मूळ विधेयकाविरुद्ध मत देतील आणि विधेयक पडेल, असा त्यांचा हिशेब होता.

तेव्हा इलिनॉयचे उदारमतवादी सिनेटर पॉल डग्लस उभे राहिले. हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि नागरी हक्कांचे प्रामाणिक कैवारी. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना दुरुस्तीविरुद्ध मत देण्याची विनंती केली. त्यांचा युक्तिवाद असा, की ही दुरुस्ती मंजूर झाली तर कोणालाच घर मिळणार नाही, काळ्यांनाही नाही. दुरुस्ती पडली. विधेयक वाचले आणि जुलै १९४९ मध्ये त्याचा कायदा झाला.

डग्लस लबाड होते असे मी म्हणत नाही. त्यांच्या जागी असतो तर मी काय केले असते, हा प्रश्न मलाही सुटत नाही. छप्पर नसलेल्या माणसाला तत्त्व पांघरायला देता येत नाही. पण एक गोष्ट नजरेआड करू नये : हा सौदा ज्यांच्या वतीने झाला, त्यांच्यातला एकही माणूस त्या सिनेटमध्ये नव्हता. त्याग काळ्यांचा आणि त्यागाचा निर्णय गोऱ्यांचा. समतेचे नाव घेऊन समतेचा गळा आवळायला निघालेले ब्रिकर एका बाजूला आणि समतेवर प्रेम असूनही तिला थांबायला सांगणारे डग्लस दुसऱ्या बाजूला. दोघांच्या मध्ये काळ्यांचा हक्क पटावरची सोंगटी झाला.

पुढे काय झाले? सहा वर्षांत तो आकडा गाठला गेलाच नाही. जी घरे बांधली, ती बऱ्याच शहरांत काळ्यांची वेगळी आणि गोऱ्यांची वेगळी झाली. झोपडपट्टी साफ करण्याच्या कलमाखाली काळ्यांच्या नांदत्या वस्त्या उठवल्या गेल्या; इतक्या, की ‘नागरी नूतनीकरण म्हणजे काळ्यांना हुसकावणे’ असे तिथे बोलले जाऊ लागले. घर मिळाले, गावकूस हलले नाही.

४

कायद्याच्या भाषेत हे सारे कोरडे वाटते. त्याचा माणसाच्या आयुष्यात काय अर्थ होता हे समजायला साहित्याकडे जावे लागते. लोरेन हॅन्सबेरी या काळ्या लेखिकेचे ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक मार्च १९५९ मध्ये ब्रॉडवेवर आले. काळ लेखिकेने दुसऱ्या महायुद्धानंतरचा ठेवला आहे. म्हणजे नाटकातले यंगर कुटुंब ‘फेअर डील’नंतरच्याच जगात राहते. शिकागोच्या दक्षिण भागातले कोंदट घर, बाहेरच्या बोळात शेजाऱ्यांबरोबर सामाईक संडास-न्हाणीघर, मुलाचे अंथरूण कोचावर. सासू लीना आणि सून रूथ गोऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या. मुलगा वॉल्टर एका गोऱ्या साहेबाचा ड्रायव्हर. धाकटी बेनिथा डॉक्टर होऊ पाहणारी.

या माणसांना वर सांगितलेल्या कायद्यांशेजारी उभे करून पाहा. लीना आणि रूथ यांच्या कामाला किमान वेतनाचा कायदा नाही. नवऱ्याने मरेपर्यंत हाडे झिजवली, त्याच्या विम्याचे दहा हजार डॉलर हीच या घराची सारी पुंजी. त्यातल्या साडेतीन हजारांची उचल भरून लीना घर ठरवते ते गोऱ्यांच्या वस्तीत. कारण साधे आहे : काळ्यांसाठी म्हणून बांधलेली घरे याहून कितीतरी महाग आहेत. मग वस्तीच्या मंडळाचा एक माणूस दारात येतो. तो शिवी देत नाही, दगड मारत नाही. अतिशय सभ्य शब्दांत सांगतो, की तुम्ही येऊ नका; आम्ही तुम्हाला वरून पैसे देतो.

हे दृश्य वाचताना मला डग्लस यांचे भाषण आठवते. हेतू वेगळे आहेत, पण विनंती एकच : घर घ्या, शेजार मागू नका. वॉल्टर मित्रावर विश्वासून उरलेले पैसे गमावून बसतो आणि एका क्षणी त्या माणसाचे पैसे घ्यायला तयारही होतो. पण शेवटी आपल्या मुलादेखत तो नकार देतो. हातात पैसा नसताना दिलेला तो नकार मला या नाटकाचा प्राण वाटतो. भाकरी आणि मान ही दोन गाठोडी आहेत असे धोरण आखणाऱ्याला वाटते. ज्याला दोन्ही नाकारले गेले आहे त्याला ते एकच गाठोडे असते, हे हॅन्सबेरी यांना ठाऊक होते. आपल्या साहित्याने जी जाणीव मांडली ती याहून निराळी नाही.

५

ट्रूमन यांच्यावर अन्याय होऊ नये. त्यांचे आजोबा-आजी दोन्हीकडून गुलाम बाळगणारे होते. तरुणपणीच्या त्यांच्या पत्रांत वर्णद्वेष उघड दिसतो. तरीही फेब्रुवारी १९४६ मध्ये आयझॅक वुडर्ड हा लष्करातून नुकताच मोकळा झालेला काळा सैनिक गणवेशातच घरी जात असताना दक्षिण कॅरोलायनातील एका पोलीस प्रमुखाने त्याला मारून दोन्ही डोळ्यांनी आंधळे केले, हे ऐकून ते हादरले. त्या वर्षअखेर त्यांनी नागरी हक्क समिती नेमली. २ फेब्रुवारी १९४८ रोजी त्यांनी काँग्रेसला नागरी हक्कांचा स्वतंत्र संदेश पाठवला. दक्षिणेतला एक गट पक्ष फोडून गेला तरी ते मागे हटले नाहीत. २६ जुलै १९४८ च्या आदेशाने सैन्यातला वर्णभेद मोडण्याची सुरुवात झाली. त्या आदेशामागेही रँडॉल्फ उभे होते : वेगळे ठेवणाऱ्या सैन्यात भरती होऊ नका, असे आवाहन आम्ही तरुणांना करू, असे त्यांनी सिनेटच्या समितीपुढे तोंडावर सांगितले होते.

म्हणजे जे काही सामाजिक पदरात पडले ते बहुतेक आदेशाने पडले आणि आदेशामागे चळवळीचा रेटा होता. त्याच सरकारची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्यावर १९५१ मध्ये, त्र्याऐंशीव्या वर्षी, परकीयांचे हस्तक म्हणून खटला भरला गेला. ते निर्दोष सुटले. पण रास्त डाव मागणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातात बेड्या पडल्या, हे विसरता येत नाही.

ड्यू बॉइस यांचे नाव आले की आपला धागा आपोआप जुळतो. १९४६ च्या उन्हाळ्यात, म्हणजे नोकरीतील समतेचे विधेयक बुडाले त्याच वर्षी, बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिले होते. संयुक्त राष्ट्रसंघापुढे काळ्यांनी मांडलेल्या गाऱ्हाण्याच्या प्रती त्यांनी मागवल्या होत्या. काळ्यांची आणि अस्पृश्यांची स्थिती किती सारखी आहे हेही त्यात होते. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलैला उत्तर दिले.

आणि १९४७ मध्ये बाबासाहेबांचे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ आले. ट्रूमन यांच्या कार्यक्रमाशेजारी ते ठेवून वाचावे, असे मी मुद्दाम सुचवतो. प्रमुख उद्योग राज्याचे, शेती राज्याचा उद्योग, जमीन जातपात न पाहता कसायला द्यायची. आणि त्याच मसुद्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा, स्वतंत्र वसाहतींची तरतूद, नोकऱ्यांत आणि विधिमंडळात वाटा. भाकरी आणि मान एकाच कागदावर! शिवाय हे सारे विधिमंडळाच्या मर्जीवर सोडू नका, घटनेतच लिहा, असा त्यांचा आग्रह होता. आज केलेला कायदा उद्याचे बहुमत मोडू शकते, हे त्यांचे कारण. चटईवर कोण बसले आहे हे त्यांनी डाव मांडण्याआधीच पाहिले होते. त्यांचा तो मसुदा जसाच्या तसा स्वीकारला गेला नाही. म्हणूनच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांना घटना समितीत इशारा द्यावा लागला, की २६ जानेवारी १९५० पासून आपण राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत पाऊल टाकत आहोत. त्याच्या आदल्याच दिवशी तिकडे ७५ सेंटचे वेतन लागू झाले होते. शेतमजूर आणि मोलकरीण वगळून.

६

कोणी म्हणेल, ‘सगळे एकदम मागितले असते तर काहीच मिळाले नसते.’ १९४९ च्या सिनेटपुरते ते बहुधा खरे आहे. पण पुढे काय घडले तेही पाहा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने ठरवले, की जिथे वर्णभेद तिथे केंद्राचा पैसा नाही. ३० जुलै १९६५ रोजी वृद्धांसाठी मेडिकेअर योजना झाली. त्या कायद्यावर सही करायला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन मुद्दाम ट्रूमन यांच्या गावी गेले होते. १९६६ मध्ये योजना सुरू होताना रुग्णालयांना सांगण्यात आले : वेगळे वॉर्ड मोडा, नाहीतर पैसे विसरा. पिढ्यान्‌पिढ्या न हललेल्या भिंती दक्षिणेतल्या शेकडो रुग्णालयांत काही महिन्यांत पडल्या. ताट आणि पंगत एकमेकांना बांधली, की हे होते. डग्लस यांनी जी गाठ सोडली होती तीच गाठ पुन्हा मारली गेली. मधल्या काळात सिनेटरांना अचानक सद्बुद्धी झाली नव्हती. मधे माँटगोमेरीचा बस-बहिष्कार होता, बर्मिंगहॅमचे रस्ते होते, तुरुंग भरणारी शाळकरी मुले होती.

तेव्हा मित्रहो, ‘फेअर डील’ला आपण निव्वळ अपयश म्हणू नये आणि पाठ्यपुस्तकासारखे ‘अंशतः यशस्वी’ म्हणून मोकळेही होऊ नये. ज्यांनी ती योजना अर्धी तोडली त्यांना काय तोडायचे हे नीट कळत होते. आता वर्गात मी मुलांना सांगतो : टीप लिहा, गुणही मिळवा, पण कोणतीही कल्याणयोजना समोर आली, मग ती वॉशिंग्टनची असो की आपल्या गावची, तर दोन प्रश्न जोडून विचारा. ताटात किती वाढले? आणि जेवायला बसवले कुठे? दुसऱ्या प्रश्नाला ‘तो नंतर पाहू’ असे उत्तर आले, तर त्या ‘नंतर’ची किंमत कोण मोजणार हे तिथल्या तिथे विचारा, कारण उत्तर देणारा ती स्वतः मोजत नसतो.